टाचणात तंत्रज्ञान नेमकं कुठे बसवायचं? नववीच्या ‘धाराविद्युत’ पाठाची एक आखणी

शाळेत टीव्ही आला, लॅपटॉप आला, सरकारचं ‘दीक्षा’ हे शिक्षणाचं ॲप फोनमध्ये आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. तरी बहुतेक टाचणांत, म्हणजे शिक्षकानं तासाआधी लिहिलेल्या पाठाच्या आखणीत, ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात दोनच शब्द दिसतात: ‘व्हिडिओ, पीपीटी’. कोणता व्हिडिओ, किती मिनिटांचा, तो सुरू होण्याआधी मुलांनी काय केलेलं असेल, संपल्यावर काय करतील, यातलं काहीच नाही. मग तासाला व्हिडिओ लागतो, वर्ग चिडीचूप होतो आणि मुलांना समजतंय असं आपण धरून चालतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: साधन शेवटी निवडावं. आधी पाठात मुलं कुठे अडतात ते शोधावं, तिथे हातानं करता येण्यासारखं काय आहे ते पाहावं, आणि डोळ्याला दिसत नाही किंवा हाताला झेपत नाही एवढ्याच जागी स्क्रीन आणावी. हे बोलायला सोपं आहे, टाचणात उतरवताना मात्र दमछाक होते. म्हणून एकच घटक घेऊन तो शेवटपर्यंत आखू. घटक नववीच्या विज्ञानातला, धाराविद्युत. त्यातलाही एकच तुकडा, बल्बची एकसर (एकाच वाटेवर एकामागून एक) आणि समांतर (प्रत्येक बल्ब घटाला वेगळ्या फांदीनं) जोडणी. शाळेत एक लॅपटॉप आणि एक टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे, मुलांकडे फोन नाहीत, नेट बेभरवशाचं आहे असं धरलं आहे. म्हणजे बऱ्याचशा शाळा.

पहिलं काम: मुलं कुठे अडतात?

अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पाठानंतर मुलाला काय यायला हवं ते, पुस्तिकेतून उतरवून काढणं म्हणजे हे काम नव्हे. ‘विद्यार्थी एकसर व समांतर जोडणीतील फरक स्पष्ट करतो’ या वाक्यावरून तासाला काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी स्वतःला विचारा, या ठिकाणी मुलाच्या डोक्यात आधीपासून कोणती चुकीची समजूत बसलेली असते?

धाराविद्युतमध्ये दोन समजुती अगदी ठाण मांडून असतात. पहिली अशी की वीज ‘खर्च होते’: घटातून निघालेली धारा पहिला बल्ब थोडी खातो, उरलेली दुसऱ्याला मिळते, म्हणून दुसरा बल्ब मंद असणार. दुसरी समजूत, घट प्रत्येक वेळी ठरावीकच धारा देतो. बल्ब वाढवले की ती वाटली जाणार, मग जोडणी कशीही असो. ओहमचा नियम (धारा म्हणजे व्होल्ट भागिले रोध) पाठ असलेली, गणितं बिनचूक सोडवणारी मुलंही या दोन समजुती सोडत नाहीत. व्याख्या विचारली की पुस्तकातलं उत्तर येतं आणि ‘आता कोणता बल्ब जास्त पेटेल?’ विचारलं की घरचं उत्तर येतं.

आता निष्पत्ती अशी लिहा: ‘एकसर जोडणीत पहिल्या बल्बच्या आधी आणि नंतर धारा सारखीच असते हे मूल आधी अंदाज करून, मग मोजून सांगतं.’ या वाक्यात कृती आहे, मोजमाप आहे, आणि तास संपल्यावर ते झालं की नाही हे तपासताही येतं.

दुसरं काम: हातानं काय होईल?

इथे घाई करू नका. पाठाचा अर्धा जीव याच टप्प्यात आहे आणि हातात लॅपटॉप आला की नेमका हाच टप्पा गळतो.

टॉर्चचे जुने, आत तार असलेले बल्ब आणा. हल्ली सगळीकडे एलईडी झाल्यानं ते शोधावे लागतात. इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानात किंवा प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळतात. एलईडी या पाठाला चालत नाही. त्याला धन-ऋण टोक असतं, उलटा लावला तर पेटत नाही, आणि तो ओहमचा नियमही पाळत नाही. मुलांच्या डोक्यात भलताच गोंधळ उडतो. २.५ व्होल्टचे बल्ब, दीड व्होल्टचे दोन घट, वायर आणि होल्डर एवढं सहा-सहाच्या गटाला पुरतं.

जोडणीआधी वहीत अंदाज लिहायला लावा, शेजाऱ्याशी न बोलता. मग एकसर जोडणी. दोन्ही बल्ब सारखेच मंद पेटतात. इथे एक खोच आहे. स्वस्तातले बल्ब हुबेहूब सारखे नसतात, त्यामुळे एखाद्या गटात एक बल्ब खरोखरच दुसऱ्याहून मंद दिसतो आणि तो गट लगेच ओरडतो, ‘बघा सर, दुसऱ्याला कमी मिळतंय!’ अशा वेळी समजावत बसू नका. दोन्ही बल्बांची जागा बदलायला सांगा. मंद बल्ब पुढे नेला तरी मंदच राहिला, तर कारण बल्बात आहे, जागेत नाही. वर्गातल्या वादाचा निकाल लावणारी ही अदलाबदल कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवते. टाचणात ती वेगळ्या ओळीत लिहून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही.

मग समांतर जोडणी. दोन्ही बल्ब जवळपास एकट्या बल्बाइतकेच प्रखर. एक काढला तरी दुसरा चालू. घरातले दिवे असेच जोडलेले असतात हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात, आपण सांगायची गरज पडत नाही.

तिसरं काम: स्क्रीनची जागा

इतकं झाल्यावर काय उरलं? तारेच्या आत काय चाललंय ते दिसलं नाही. प्रत्येक ठिकाणची धारा मोजायला सगळ्या गटांना पुरतील इतके ॲमीटर नाहीत. आणि नुसत्या तारेनं घटाची दोन टोकं जोडली तर काय होतं, हे वर्गात करून पाहण्यासारखं नाही. या तीन जागा स्क्रीनच्या.

यासाठी सगळ्यात चांगलं साधन म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाचं ‘सर्किट कन्स्ट्रक्शन किट: डीसी’. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला; त्यातली सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करायचे आभासी प्रयोग, मोफत आहेत आणि त्यांपैकी बरीच मराठीतही आहेत. शाळेच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की फाईल एकदा उतरवून घेतली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते.

त्यातले आकडेही शिकवायला सोयीचे आहेत. सुरुवातीला घट ९ व्होल्टचा आणि बल्ब १० ओहमचा असतो. एका बल्बाला ०.९ ॲम्पिअर. दोन एकसर जोडले की ०.४५, आणि ॲमीटर पहिल्या बल्बाच्या आधी ठेवा, मध्ये ठेवा की शेवटी, आकडा तोच. दोन समांतर जोडले की प्रत्येक फांदीत ०.९, घटाजवळ १.८. दुसरी समजूत इथे मोडते: घटानं धारा वाढवून दिली. घटाची टोकं नुसत्या तारेनं जोडली की स्क्रीनवर घट पेट घेतो. मुलं टाळ्या वाजवणार आणि पुन्हा करा म्हणणार. एकदा पुन्हा करा, मग ‘असं का?’ विचारून थांबा.

दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवा. सिम्युलेशनमध्ये सुरुवातीला निळे इलेक्ट्रॉन धावताना दिसतात आणि ते पुस्तकातल्या बाणाच्या उलट दिशेनं जातात, कारण पुस्तकातली दिशा सांकेतिक धारेची, म्हणजे धन टोकाकडून ऋण टोकाकडे मानलेली आहे. बाण दाखवण्याचा पर्याय तिथे आहे. पहिल्यांदा कोणतं एकच दाखवायचं ते आपण ठरवावं; दोन्ही एकदम दाखवले तर उरलेला तास त्या उलट दिशेवरच जातो. दुसरी गोष्ट म्हणजे खऱ्या बल्बाचा आकडा सिम्युलेशनशी तंतोतंत जुळणार नाही. खऱ्या बल्बाची तार तापली की तिचा रोध वाढतो. एकसर जोडणीत बल्ब मंद, तार कमी तापलेली, रोध कमी. म्हणून धारा अर्ध्यापेक्षा थोडी जास्त येते. शिवाय घट उतरलेले असतील तर समांतर जोडणीत बल्ब किंचित मंदही होतात, कारण घटाला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. एखादी चौकस मुलगी हे हमखास पकडते. तिला ‘प्रयोगात चूक झाली असेल’ असं सांगून गप्प करू नका; स्क्रीनवरचा बल्ब हा सोपा केलेला बल्ब आहे, हे सांगण्याची त्याहून चांगली संधी मिळत नाही.

चौथं काम: मिनिटांचा हिशोब

हा भाग दोन तासिकांत बसतो. तासिका ४० मिनिटांची धरली आहे. ३५ ची असेल तर पहिल्या तासातला फळ्याचा वेळ कापा, प्रयोग कापू नका.

पहिली तासिका स्क्रीनशिवाय. ५ मिनिटं अंदाज, २५ मिनिटं गटांत जोडणी आणि अदलाबदल, उरलेल्या १० मिनिटांत फळ्यावर दोन रकाने: ‘आम्हाला वाटलं होतं’ आणि ‘आम्ही पाहिलं’. फळा पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या. तंत्रज्ञानाचा त्या दिवसाचा वापर तेवढाच, आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो टीव्हीवर लावला की उजळणी दोन मिनिटांत होते.

दुसऱ्या तासिकेत सिम्युलेशन, तेही १५ मिनिटांच्या आत. एक मूल लॅपटॉपवर बसेल, दर दोन कृतींनी मूल बदलेल. आपण लॅपटॉपपाशी उभं राहू नये, वर्गाच्या मागे उभं राहावं. मागून स्क्रीन वाचता येते का हे कळतं आणि मुलं आपल्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखत नाहीत. नियम एकच: माउस हलवण्याआधी प्रत्येकानं वहीत आकडा लिहायचा. ॲमीटर मध्ये ठेवला तर किती? लिहा. लिहून झालं? आता ठेव. हा एक नियम पाळला तर चाळीस मुलांत एक लॅपटॉपही पुरतो. नाही पाळला तर प्रत्येकाच्या हातात टॅबलेट दिला तरी मुलं नुसती घटाला आग लावत बसतात.

पुढची १५ मिनिटं वहीत परिपथाच्या आकृत्या आणि दोन गणितं, स्क्रीन बंद ठेवून. चालू टीव्हीसमोर वही लिहायला सांगणं म्हणजे मुलांची परीक्षा पाहणं. शेवटची १० मिनिटं तपासणीची.

पाचवं काम: तपासणी, आणि चुकीच्या पर्यायांची निवड

बहुपर्यायी प्रश्न काढताना बरोबर पर्यायापेक्षा चुकीच्या पर्यायांवर जास्त वेळ द्या. प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या समजुतीचा हवा. उदाहरणार्थ: ‘दोन सारखे बल्ब एकसर जोडले आहेत. पहिल्या बल्बाआधी ०.४५ ॲम्पिअर धारा आहे. दुसऱ्या बल्बानंतर किती?’ पर्याय: ०.४५, ०.२२५, शून्य, ०.९. ज्यानं ०.२२५ निवडलं तो ‘बल्ब वाटेत निम्मी धारा खातात’ असं मानतो. ज्यानं शून्य निवडलं त्याच्या मते दोघांनी मिळून सगळी संपवली. आता नुसते गुण कळत नाहीत, उद्या कोणाजवळ बसायचं तेही कळतं.

उत्तरं गोळा करायला मुलांकडे फोन लागत नाहीत. चार रंगांची कार्डं पुरतात. मुलं डोळे मिटून कार्ड वर करतात आणि आपण वर्गाचा फोटो घेतो. जरा पुढचं हवं असेल तर ‘प्लिकर्स’ आहे: मुलांच्या हातात छापील कार्ड, ते चार बाजूंनी धरता येतं, आपला एकच फोन वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. गुगल फॉर्म संगणक कक्षात किंवा घरच्या अभ्यासाला ठीक, पण त्यात मराठी लेखी उत्तरं आपोआप तपासायला लावू नका. ‘रोध’ ऐवजी ‘रोध.’ लिहिलं किंवा ऱ्हस्व-दीर्घ बदललं की फॉर्म उत्तर चूक ठरवतो आणि मूल हिरमुसतं. फॉर्ममध्ये पर्याय निवडायचे प्रश्न द्या, लेखी उत्तर वहीत घ्या.

हल्ली प्रश्न काढायला एआय चॅटबॉटची मदत घेणारे बरेच शिक्षक आहेत, आणि पहिल्या कच्च्या मसुद्यासाठी ती घ्यायला हरकत नाही. पण आलेला मजकूर पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून वाचा. एकसर जोडणीला ‘श्रेणी’, रोधाला ‘प्रतिरोध’ असे हिंदी वळणाचे शब्द सर्रास येतात आणि मुलांना तो निराळाच घटक वाटतो. यूट्यूबवरच्या हिंदी व्हिडिओंचंही तेच. आणि उत्तरसूचीतलं प्रत्येक गणित स्वतः सोडवून पाहा; आत्मविश्वासानं दिलेलं चुकीचं उत्तर त्यात सापडू शकतं.

सहावं काम: ‘लाइट गेली तर’ हा रकाना

छापील टाचणात हा रकाना नसतो, आपण आखून घ्यायचा. प्रत्येक डिजिटल कृतीसमोर तिचा बिनविजेचा पर्याय एका ओळीत. इथे पर्याय असा: सिम्युलेशनच्या चार जोडण्यांचे स्क्रीनशॉट आकड्यांसह छापून एका कागदावर, ॲमीटरचा आकडा चिकटपट्टीनं झाकलेला. मुलं अंदाज लिहितात, पट्टी काढतात. धावणारे इलेक्ट्रॉन दिसणार नाहीत, बाकी सगळं होतं. पाऊसपाण्याच्या दिवसांत हा कागद दप्तरात असलेला बरा.

आदल्या दिवशीची तपासणी पाच मिनिटांची आहे, पण ती त्याच खोलीत, त्याच टीव्हीवर करायची. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून व्हिडिओ चालतो म्हणून सिम्युलेशनही चालेल असं धरू नका. टीव्ही ती फाईल उघडत नाही, लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल लागतेच. लॅपटॉप मिळणार नसेल तर घरी स्क्रीन रेकॉर्डिंग करून दोन-तीन मिनिटांची एमपी४ फाईल करा, आणि अंदाज लिहायच्या ठिकाणी थांबवा. मराठी अक्षरं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील तर दुसऱ्या संगणकावर त्यांची रांगोळी होते, म्हणून सगळं युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ सोबत ठेवा. खोलीत ऊन येत असेल तर प्रोजेक्टरपेक्षा टीव्ही बरा. पत्र्याच्या छपराखाली पावसात आवाजाचा व्हिडिओ ऐकूच येत नाही. तिथे आवाज बंद ठेवून आपणच बोलावं. फोन टीव्हीला जोडणार असाल तर आधी फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर नातेवाइकांच्या ग्रुपवरचे शुभप्रभात साऱ्या नववीला दिसतात.

मुलांचे फोटो आणि माहिती

कार्डं वर केलेल्या वर्गाचा फोटो आपल्या तपासणीपुरता. काम झालं की पुसून टाका, ग्रुपवर किंवा स्टेटसला नको. एखाद्या ॲपवर मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे नंबर भरायची वेळ आली तर हजेरी क्रमांकानं काम भागतं का ते आधी पाहा; प्लिकर्सलाही पूर्ण नाव लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती हा मूळ नियम ठेवला आहे. शाळेनं काय करायचं याबाबत मुख्याध्यापकांशी एकदा बोलून घ्या, आणि संमतिपत्र घ्यायचंच तर ते मराठीत, एका पानाचं असू द्या.

दुसऱ्या विषयांत हेच

पद्धत तीच, स्क्रीनची जागा बदलते. भूगोलात गुगल अर्थवर भीमा नदी भीमाशंकरपासून खाली येताना दाखवता येते, आणि उजनीच्या जलाशयाची जुनी-नवी उपग्रह चित्रं शेजारी ठेवता येतात. हे चालून पाहता येत नाही, म्हणून स्क्रीन. पण गावच्या ओढ्याचा उतार बघायचा असेल तर मुलांना ओढ्यावरच न्यावं. भूमितीत जिओजेब्रा या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत राहिलं तरी कोनांची बेरीज १८० अंशच राहते हे दाखवणं कागदावर शक्य नाही. कागदाचे तीन कोन फाडून एका रेषेवर जुळवणं मात्र आधी व्हायला हवं. भाषेत फोनचा रेकॉर्डर पुरतो. मुलानं स्वतःचं प्रकट वाचन ऐकलं की विराम कुठे गिळला ते त्याचं त्यालाच कळतं. मटकीला मोड येताना बघायचे असतील तर ओलं फडकं पुरे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा बातम्यांत त्यांनी पुस्तकांत बसवलेल्या क्यूआर कोडचंच कौतुक जास्त झालं. पण तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. ती शिकून गुरुजींनी पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत आणला होता. मुलं कुठे अडतात हे आधी ओळखलेलं होतं, कोड त्या कामाला जोडलेला होता.

सातवं काम: शेऱ्याचा रकाना

तासानंतर टाचणाच्या शेऱ्यात ‘पाठ समाधानकारक झाला’ लिहिण्याऐवजी तीन आकडे लिहा: ०.२२५ किती जणांनी निवडलं, शून्य किती जणांनी, सिम्युलेशनला प्रत्यक्षात किती मिनिटं गेली. निम्म्याहून जास्त मुलं पहिल्या समजुतीत अडकली असतील तर पुढच्या तासाला सिम्युलेशन पुन्हा लावू नका. खरे बल्ब आणि खरा ॲमीटर घेऊन त्याच मुलांना टेबलाजवळ बोलवा. दोन-तीनच असतील तर मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे लॅपटॉप द्या आणि ॲमीटर त्यांनाच फिरवू द्या.

सिम्युलेशनची फाईल, छापायचा कागद, प्रश्न आणि हा शेरा एकाच फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरला इयत्ता आणि घटकाचं नाव द्या, आणि त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर राहू द्या. बदली झाली तर पुढच्या बाईंना किंवा सरांना ‘व्हिडिओ, पीपीटी’च्या पुढे काहीतरी हाती लागेल.